सव्वीस आट्यांचा कप

वडिलांची रॅले पोटमाळ्यावरून खाली उतरवली तेव्हा वाटलं होतं, काम एका रविवारचं आहे. धूळ पुसायची, टायर-ट्यूब बदलायची, ओव्हरऑइल करून घ्यायचं, चाकांचा आउट काढायचा, झालं. पण पायडल फिरवलं की तळातून खर्र खर्र आवाज येत होता. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोरानं छिन्नी-हातोडीनं लॉकरिंग सोडवली आणि डाव्या बाजूचा कप बाहेर काढला. छर्रे फिरतात त्या कडेला खड्डे पडले होते. त्यानं खणातून नवा कप काढला, तेल लावून बसवायला घेतला. दीड फेरा आत गेला आणि अडकला. त्यानं पाना लावला, मग पान्याला लोखंडी पाइप जोडला. तेवढ्यात पायरीवर चहा पीत बसलेले म्हातारे मिस्त्री ओरडले, "अरे थांब, थांब! रॅले आहे ना ती? तिचे आटे सव्वीस असतात. जोर लावलास तर फ्रेम जाईल."

त्या एका वाक्यानं माझा एक रविवार संपला आणि पुढचे सहा महिने सुरू झाले.

गोष्ट अशी आहे. क्रँकचा दांडा ज्या आडव्या नळीत फिरतो तिच्या दोन्ही तोंडांना आटे असतात आणि त्यांत कप बसतात. इंग्लिश पद्धतीच्या बहुतेक सायकलींना इंचाला २४ आटे असतात. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीनं मात्र आपलं स्वतःचं माप ठेवलं होतं, इंचाला २६. दोन्ही कपांचा व्यास जवळजवळ सारखाच, फरक इंचाच्या पाच हजारांश भागाएवढा. त्यामुळे चुकीचा कप सुरुवातीला आत जातो, आणि घोटाळा तिथंच होतो. अजिबात बसला नसता तर कुणी जोर लावला नसता.

या एका कपासाठी फिरताना मला जुन्या सायकलींच्या सुट्या भागांची एक अख्खी दुनिया दिसली. तिचा कारभार एका वाक्यात सांगता येतो. भंगारवाल्याचा भाव किलोवर असतो, शौकिनाचा नगावर. या दोन भावांच्या मधल्या फटीत सगळा व्यवहार चालतो, आणि त्या फटीत उभं राहायचं तर पैशाआधी माहिती लागते.

भाग वाचायला शिकणं

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी गेलात तर ताडपत्रीवर नळांच्या तोट्या, कुलपं, पितळी डबे, मोडकी घड्याळं यांच्या मधेच एखादा गंजका हब पडलेला दिसतो. विकणाऱ्याच्या लेखी ते सव्वा किलो लोखंड. शौकीन तो उचलतो, अंगठ्यानं चिखल पुसतो आणि त्यावरचे ठसे वाचतो. 'स्टर्मी-आर्चर', खाली 'एडब्ल्यू', त्याच्या शेजारी दोन आकडे. ५४ असेल तर हब १९५४ सालचा. हे तीन गिअरचे हब. मधला गिअर थेट, वरचा त्याच्या सव्वापटीहून थोडा जास्त म्हणजे चारास तीन, खालचा पाऊणपट. एडब्ल्यूची रचना १९३०च्या दशकात आली आणि पुढे कित्येक दशकं मुळात तीच राहिली. म्हणून एका हबातला खराब झालेला खटका दुसऱ्या, वीस वर्षांनी धाकट्या हबातून काढून बसवता येतो. जुन्या भागांच्या बाजारात अशी सोय विरळाच.

पण हब मिळाला म्हणजे गिअर मिळाला, असं नाही. हबाच्या पोकळ अ‍ॅक्सलमधून एक बारीक दांडी जाते, तिच्या टोकाला करंगळीच्या नखाहून अरुंद साखळी. तिला म्हणतात इंडिकेटर चेन. गिअरची केबल तिलाच ओढते. हब घरंगळत, आपटत भंगारात पोचेपर्यंत ती तुटलेली किंवा हरवलेली असते. शिवाय अ‍ॅक्सलच्या लांबीप्रमाणे दांडीची लांबी बदलते. म्हणजे सव्वा किलोचा हब स्वस्त आणि काही ग्रॅमची साखळी दुर्मीळ. पहिल्या फेरीत मी खिळ्यामोळ्यांची एक पुडी उगाच उचलली होती. तिच्यात अशी साखळी आहे हे मला घरी येऊनही कळलं नव्हतं.

ठसा नसेल तर धातू बोलतो. साधारण १९२०च्या दशकाअखेरपर्यंत हँडल, घंटी, हब यांच्यावर निकेलचा मुलामा असे. त्याला किंचित पिवळसर, उबदार झाक असते. त्यानंतर निळसर चकाकीचा क्रोम आला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये क्रोमवर निर्बंध आले आणि एरवी चकाकणारे भाग काळ्या रंगात बाहेर पडू लागले. त्यामुळे काळं हँडल दिसलं की नवखा म्हणतो, "कुणीतरी रंगवलंय." जाणकार आधी रंगाखाली क्रोम आहे का ते पाहतो, आणि तो नसला तर गप्प राहून भाव विचारतो.

नाव मात्र फसवतं. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळचा बंदुकांचा कारखाना, म्हणून बोधचिन्हात तीन बंदुका. पण चेनव्हीलवर बी.एस.ए. अक्षरं दिसली म्हणजे सायकल बर्मिंगहॅमची असं नव्हे. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली स्थापन झालेल्या टी.आय. सायकल्सनं हर्क्युलिस, फिलिप्स आणि पुढे बी.एस.ए. ही नावं भारतात चालवली. रॅलेचंही तसंच. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता. या सायकली वाईट नव्हत्या, त्यांच्यावर आपल्या दोन पिढ्या शाळेत आणि कचेरीत गेल्या. पण नॉटिंगहॅमची म्हणून आसनसोलची विकणं ही लबाडी. म्हणून शौकीन 'मेड इन इंग्लंड' कुठे कोरलंय ते बोटानं शोधतो.

आणि कंपन्यांचा इतिहास ठाऊक असला तर शोध सोपा होतो. हंबरचा सायकल धंदा रॅलेनं १९३२ साली घेतला, रज १९४३ साली, बी.एस.ए.च्या सायकली १९५७ साली. त्यामुळे १९५०च्या सुमाराची हंबर दुहेरी नळ्यांच्या चिमट्यामुळे लांबूनही हंबर म्हणून ओळखू येते, पण पोटातून बरीचशी रॅले असते. हंबरसाठी कप हवा तर हंबर शोधत बसायचं नाही. माझ्यासाठी याचा उलटा अर्थ होता. माझा कप एखाद्या मेलेल्या हंबरमध्येही सापडू शकत होता.

इथलं भंगार, तिथलं घबाड

भाग येतात कुठून? पुण्यात पेठेतला एखादा वाडा पाडायला निघाला की पोटमाळा रिकामा होतो, आणि पितळी घंगाळाबरोबर सायकलही खाली येते. तालुक्याच्या गावी जुनं सायकलचं दुकान बंद होतं तेव्हा मागच्या खणांत ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळलेला, कधीच न वापरलेला माल निघतो. शौकिनांच्या लेखी हा सर्वांत मोलाचा. हवामानाचाही वाटा असतो. सोलापूर-लातूरकडच्या कोरड्या हवेतली रिम तीस वर्षं पडून राहिली तरी रॉकेलच्या फडक्यानं उजळते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात तीच रिम हाताला पापुद्रे देते.

गंमत अशी की या व्यवहारात आपण केवळ गिऱ्हाईक नाही. ब्रिटननं दांडीब्रेकची काळी, उंच सायकल सोडून दिली त्यानंतरही भारतात ती निघत राहिली. दूधवाल्याला, पोस्टमनला, शेतकऱ्याला तीच हवी होती. तिला २८ × १½ चे टायर लागतात. आजच्या आधुनिक सायकलच्या टायरवरही पुष्कळदा '२८' लिहिलेलं असतं, पण जुन्या टायरच्या कडेचा व्यास ६३५ मिलिमीटर आणि नव्याचा ६२२. आकडा एक, माप दोन. शिवाय जुन्या इंग्लिश रिवाजानं पुढच्या चाकाला ३२ स्पोक आणि मागच्याला ४०. जगभर बहुतेक ठिकाणी दोन्ही चाकांना ३६ स्पोकांची पद्धत रुळली. भारतीय कारखान्यांनी ३२-४० सोडली नाही. त्यामुळे आजोबांची सायकल उभी करायला निघालेल्या इंग्लंडमधल्या माणसाला लागणारे टायर आणि रिम आपल्या गावच्या सायकल दुकानात टांगलेले असतात. तो ते भारतातून मागवतो, आपण त्याच्याकडून स्टर्मी-आर्चरचे गिअर आणि ल्यूकसचे दिवे मागवतो.

तिकडे हा छंद जुना आणि शिस्तीचा. ब्रिटनमध्ये व्हेटरन-सायकल क्लब १९५५ पासून आहे. तिथं एकेका कंपनीच्या सायकलींचे जाणकार सभासद फ्रेमच्या क्रमांकावरून साल सांगायला मदत करतात. इटलीत १९९७ साली गायोले इन किआंती या गावी 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. तिथं १९८७ पूर्वीच्या रेसिंग सायकली लागतात. गिअरचे खटके फ्रेमच्या खालच्या दांड्यावर हवेत, ब्रेकच्या केबल हँडलवरून उघड्या हव्यात. अशा नियमांमुळे जुनी ब्रेक लिव्हरसुद्धा एकदम मागणीची वस्तू होते. आपल्याकडे या छंदाला बैठक मिळवून देणाऱ्यांत पुण्याचे विक्रम पेंडसे यांचं नाव घ्यावं लागेल. त्यांनी २०१७ साली कर्वेनगरला सायकलींचं संग्रहालय उघडलं. तिथं एकदा जाऊन आलं की आपल्या सायकलचं काय काय हरवलंय ते कळतं, आणि यादी लांबते.

न लिहिलेले नियम

या शौकीन मंडळींत काही संकेत आहेत. पहिला, धडधाकट सायकल भागांसाठी फोडायची नाही. मोडून विकली तर सुट्या भागांचे पैसे जास्त येतात, हे सगळ्यांना माहीत असतं. मोह तिथंच असतो. फ्रेमच तुटली असेल तर हरकत नाही, त्या सायकलच्या दिव्यानं दुसरीला उजेड होतो. दुसरा, दोष आधी सांगायचा. ब्रुक्सच्या चामडी सीटला खिळ्याजवळ केसाएवढी भेग असेल तर ती फोटोत दाखवायची, कारण बसल्यावर ती तिथूनच फाटते. बर्मिंगहॅमच्या या कंपनीचा जन्म १८६६ चा. तिच्या जुन्या सीटचा लोखंडी सांगाडा शाबूत असला तर चामड्याचं काम जाणणारा कारागीर तांब्याच्या खिळ्यांनी नवं कातडं ताणून देतो. तसं केलं असेल तर तेही सांगायचं.

तिसरा, ठाऊक नसेल ते उघडायचं नाही. स्टर्मी-आर्चरचा डायनोहब म्हणजे चाकाच्या हबातच बसवलेला डायनॅमो, ६ व्होल्ट, २ वॅट. आतल्या गोल चुंबकातून तारांची गुंडाळी ओढून बाहेर काढली आणि त्या जागी लोखंडाचं कडं सरकवलं नाही, तर चुंबक आपली ताकद गमावतो. बाजारात मिळणारे कित्येक मुके डायनोहब वापरून झिजलेले नसतात. कुणीतरी हौसेनं उघडून, पुसून, स्वच्छ करून ते मारलेले असतात.

चौथा संकेत मला उशिरा कळला. इथं रोकड हे दुय्यम चलन आहे. माणसं भागाच्या बदल्यात भाग मागतात, कारण पैशानं मिळाला असता तर तो भाग त्यांनी कधीच घेतला असता. "कार्बाइडच्या दिव्याची काच आहे का?" असं कुणी विचारलं की समजायचं, हा माणूस पूर्वी लोक ज्या कार्बाइडवर आंबे पिकवत त्याच्यावर पाणी थेंब थेंब टाकून निघालेल्या वायूवर दिवा लावणार आहे, आणि त्याच्याकडे आपल्याला हवं ते काहीतरी नक्की आहे.

मला कप मिळाला तो असाच. सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त गृहस्थांकडे एक सडलेली हंबर होती. फ्रेम गेलेली, पण तळाचे कप ठीक. मी पैसे विचारले. ते म्हणाले, "पैशाचं राहू द्या हो. तुमच्या सुट्या भागांच्या डब्यात काय काय आहे त्याचा एक फोटो पाठवा, आणि सायकलचाही." मी बिस्किटांचा डबा वर्तमानपत्रावर पालथा करून फोटो काढला. पाच मिनिटांत त्यांचा फोन, "ती डावीकडची साखळी दिसतेय ना, खिळ्यांच्या पलीकडे, ती चालेल." मी ज्याला तुटक्या कीचेनचा तुकडा समजत होतो ती इंडिकेटर चेन होती. त्यांचा तीन गिअरचा हब तिच्यावाचून चार वर्षं अडून बसला होता.

आठवड्यानं पुडी आली. ग्रीस लावलेला कप, अकरा नवे पाव इंची छर्रे, आणि एक लॉकरिंग. रिंग मी मागितली नव्हती. कप बाहेरून जिनं आवळतात त्या रिंगलाही सव्वीसच आटे लागतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि दुकानात छिन्नीखाली माझ्या रिंगच्या दोन खाचा उडाल्या होत्या, ते सायकलच्या फोटोत त्यांनी पाहिलं होतं.

या वेळी पोरानं नाही, म्हाताऱ्या मिस्त्रींनी स्वतः काम हातात घेतलं. आधी जुना आणि नवा कप आटे समोरासमोर ठेवून उजेडाकडे धरला. आट्यात आटे बसले, मधून उजेड आला नाही. मग छर्रे ग्रीसमध्ये बसवून त्यांनी कप लावला आणि दोन बोटांनी फिरवत आत नेला. लॉकरिंग आवळायची वेळ येईपर्यंत त्यांनी पाना हातात घेतला नाही.