मुशी (शार्क)

मुशी ही हिंदी महासागराच्या उथळ किनारी पाण्यात आढळणारी शार्क माशांची एक लहान जाती आहे. तिचे शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस असे आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मासळी बाजारात ती नेहमी दिसते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात व गोव्यात लहान शार्कांना ‘मोरी’ म्हणतात. मुशी आणि मोरी ही दोन्ही नावे व्यवहारात इतर काही लहान शार्कांनाही लावली जातात. प्रस्तुत लेखात मात्र ती केवळ या एका जातीसाठी योजली आहेत.

बाजारात सामान्य समजली जाणारी ही मासळी जीवशास्त्राच्या दृष्टीने असामान्य आहे. मुशीचे अंडे केवळ १ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे ज्ञात शार्कांमध्ये सर्वांत लहान असते, आणि तिच्या पिलांचे गर्भाशयातील पोषण जवळजवळ पूर्णपणे मातेच्या शरीरातून होते. माशांमधील जरायुजतेचे (पिलांना जन्म देण्याच्या पद्धतीचे) सर्वांत प्रगत उदाहरण म्हणून या जातीचा उल्लेख केला जातो.

वर्गीकरण आणि नाव

मुशीचा समावेश उपास्थिमीन वर्गातील कार्कॅरिनिडी कुलात होतो. या वर्गातील प्राण्यांचा सांगाडा हाडांचा नसून उपास्थींचा (कूर्चांचा) असतो. योहानेस म्युलर व याकोब हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८ साली या जातीचे वर्णन केले. ‘स्कोलिओडॉन’ हे प्रजातीनाम ‘तिरपा’ आणि ‘दात’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनले आहे, तर ‘लॅटिकॉडस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘रुंद शेपटीचा’ असा होतो. जुन्या भारतीय लेखनात हीच मुशी ‘स्कोलिओडॉन सोराकोवा’ या नावाने आढळते. पश्चिम प्रशांत महासागरातील मुशीसारखे शार्क पूर्वी याच जातीचे मानले जात. २०१० साली ते स्कोलिओडॉन मॅक्रोऱ्हिंकॉस या वेगळ्या जातीत गणले गेले.

शरीररचना

मुशीचे मुस्कट लांब व अतिशय चपटे असून वरून पाहिल्यास फावड्याच्या पात्यासारखे दिसते. डोळे लहान असतात. पाठीचा रंग करडा किंवा काशासारखा असून पोटाची बाजू पांढरी असते. अंसपक्ष (छातीजवळचे पर) आखूड, रुंद व त्रिकोणी असतात. पहिला पृष्ठपक्ष (पाठीवरचा पर) बराच मागे असतो आणि दुसरा फारच लहान असतो. या लक्षणांवरून मुशी इतर शार्कांच्या पिलांपासून वेगळी ओळखता येते. दात लहान, तिरपे व गुळगुळीत कडांचे असतात. नोंदलेली कमाल लांबी ७४ सेंटिमीटर असली, तरी सामान्यतः पकडले जाणारे मासे याहून बरेच लहान असतात.

अधिवास व आहार

पूर्व आफ्रिकेपासून पाकिस्तान, भारत व श्रीलंकेपर्यंतच्या किनाऱ्यांवर मुशी आढळते. ती किनाऱ्यालगत उथळ पाण्यात राहते आणि नद्यांच्या मुखांजवळही शिरते. तिचे अनेकदा मोठे थवे असतात. लहान मासे, कोळंबी, खेकडे आणि माकूल वर्गातील प्राणी हा तिचा आहार होय. बोंबील हेही तिचे भक्ष्य आहे. त्यामुळे ज्या पाण्यात बोंबलासाठी जाळी लावली जातात, त्याच पाण्यात मुशीही चरत असते. दुसरीकडे, मोठे शार्क व इतर मोठे मासे मुशीला खातात. अशा रीतीने किनारी अन्नसाखळीत तिचे स्थान मधले आहे.

प्रजनन

शार्कांमध्ये प्रजननाचे अनेक प्रकार दिसतात. काही जाती कवचयुक्त अंडी घालतात. काहींची अंडी मातेच्या पोटातच उबतात आणि पिले अंड्यातील पीतकावर (पिवळ्या बलकावर) वाढून जन्म घेतात. अपरा (वार) असलेल्या जातींमध्ये भ्रूण आधी पीतकावर वाढतो. पीतक संपत आले की रिकामी झालेली पीतकपिशवी गर्भाशयाच्या भित्तीला चिकटते, तिचीच अपरा बनते आणि पुढील पोषण मातेकडून होऊ लागते.

मुशीमध्ये हा क्रम बदललेला दिसतो. तिच्या अंड्यात पीतक जवळजवळ नसतोच. त्यामुळे भ्रूण केवळ ३ मिलिमीटर लांबीचा असतानाच त्याचे रोपण होते. इतर शार्कांमध्ये ही अवस्था बरीच उशिरा येते. रोपणाच्या जागी गर्भाशयाच्या भित्तीपासून रक्तवाहिन्यांनी भरलेला, पेल्याच्या आकाराचा भाग तयार होतो आणि त्यात भ्रूणाची अपरा बसते. प्रत्येक पिलाला स्वतंत्र अपरा व लांब नाळ असते. नाळेवर बोटांसारखे अनेक बारीक प्रवर्ध असतात.

ही रचना सस्तन प्राण्यांच्या अपरेची आठवण करून देते. तथापि दोहोंचा वारसा एक नाही. सस्तन प्राण्यांची अपरा प्रामुख्याने भ्रूणाच्या अन्य आवरणांपासून बनते, तर शार्कांची पीतकपिशवीपासून. एकाच गरजेतून दोन दूरच्या प्राणिसमूहांत सारखी रचना स्वतंत्रपणे निर्माण होण्याच्या या प्रक्रियेस अभिसारी क्रमविकास म्हणतात.

गर्भावधी सुमारे ५ ते ६ महिन्यांचा असतो. एका वेळी १ ते २०, बहुधा ६ ते १८ पिले जन्माला येतात. जन्मतः पिलाची लांबी १२ ते १५ सेंटिमीटर असते. मुशी एक ते दोन वर्षांत, सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीपर्यंत पोहोचताना प्रजननक्षम होते. तिचे आयुष्य ५ ते ६ वर्षांचे असल्याचा अंदाज आहे. विणीचा ठरावीक हंगाम नसल्यामुळे गर्भवती माद्या वर्षभर आढळतात.

संशोधनाचा इतिहास

काही शार्कांची पिले मातेच्या गर्भाशयाला नाळेने जोडलेली असतात, असे ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने इ.स.पू. चौथ्या शतकात लिहून ठेवले होते. हे वर्णन भूमध्य समुद्रातील ‘गुळगुळीत’ शार्कासंबंधी होते. मुशीचे नामकरण करणाऱ्या म्युलर यांनीच १८४२ साली या निरीक्षणाला प्रत्यक्ष विच्छेदनाच्या आधारे पुष्टी दिली.

मुशीच्या अभ्यासात मुंबईला विशेष स्थान आहे. एस. बी. सेटना व पी. एन. सारंगधर यांनी या शार्काचे वर्णन, जीवनक्रम आणि भ्रूणविकास यांवरील विस्तृत निबंध १९४८ साली ‘रेकॉर्ड्‌स ऑफ द इंडियन म्यूझियम’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे केरळमधील कालिकतच्या समुद्रातील मुशीचे वय व वाढ यांचा अभ्यास झाला. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ जॉन वूर्म्स यांनी १९९३ साली तिच्या अपरेची इतर शार्कांशी तुलना करून, अपरायुक्त प्रजननाची दिशा या जातीत टोकाला पोहोचल्याचे दाखवले.

मासेमारी व उपयोग

महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यांवर मुशी मुख्यतः डोल जाळ्यात, गळजाळ्यात आणि ट्रॉल जाळ्यात सापडते. डोल हे भरती-ओहोटीच्या प्रवाहात एका जागी रोवलेले, पिशवीच्या आकाराचे जाळे असून ते प्रामुख्याने बोंबील, जवळा व कोळंबीसाठी लावतात. त्याच्या शेवटच्या भागाची आसे बारीक असल्यामुळे मुशीची नवजात पिलेही त्यात अडकतात.

मुशी ताजी व खारवून सुकवलेली अशा दोन्ही रूपांत खातात. मोठ्या शार्कांच्या तुलनेत तिचे पर लहान असल्याने तिचे मोल मुख्यतः मांसासाठी आहे. बाळंतिणीस मुशी खाऊ घातल्यास दूध वाढते, असा किनारपट्टीवर लोकसमज आहे.

शार्कांच्या रक्तात व स्नायूंत यूरिया साठवलेला असतो. त्यामुळे शरीरातील द्रवांचा समुद्राच्या खाऱ्या पाण्याशी समतोल राहतो. मासा मेल्यावर जीवाणू या यूरियाचे अमोनियात रूपांतर करतात. शिळ्या मुशीला येणारा उग्र वास याच अमोनियाचा असतो. म्हणून ती ताजीच शिजवावी किंवा त्वरित खारवावी लागते.

संख्येवरील ताण व संवर्धन

डस्कीसारख्या मोठ्या शार्काला प्रजननक्षम होण्यास सुमारे वीस वर्षे लागतात. त्यामानाने मुशी लवकर पक्व होते व वारंवार विते. म्हणून मासेमारीचा ताण ती इतर शार्कांपेक्षा अधिक सोसू शकते. अनेक मोठे शार्क विरळ झालेल्या पाण्यातही मुशी टिकून राहिली, यामागे हेच कारण मानले जाते.

मात्र ही सहनशक्ती अमर्याद नाही. बांगड्यासारखा अस्थिमीन हजारो अंडी पाण्यात सोडतो आणि त्यांतील थोडी जगली तरी त्याची संख्या टिकते. मुशीची पिले मोजकी असतात, आणि आयुष्यही थोडे असल्याने तिच्या वाट्याला थोड्याच वेळा वीण येते. गर्भवती मादी जाळ्यात सापडली की तिच्या पोटातील सर्व पिलेही नष्ट होतात.

विणीचा ठरावीक हंगाम नसल्याने केवळ बंदी-काळाने तिचे पुरेसे रक्षण होत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. या काळात समुद्रातील इतर जिवांबरोबर मुशीलाही उसंत मिळते. परंतु तिच्या ५ ते ६ महिन्यांच्या गर्भावधीच्या मानाने हा काळ साधारण एक तृतीयांशच भरतो. त्यामुळे जाळ्यांच्या आसाचा किमान आकार, पकडावयाच्या माशाची किमान लांबी आणि पिलांच्या वाढीच्या जागांचे रक्षण या उपायांना अधिक महत्त्व येते.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत मुशीची नोंद ‘संकटसमीप’ या गटात आहे. भारताने २०१५ साली सर्व शार्कांच्या परांच्या निर्यातीवर बंदी घातली. पनामा येथे २०२२ साली भरलेल्या परिषदेत कार्कॅरिनिडी कुलातील सर्व जाती, आणि त्यांच्याबरोबर मुशीही, साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट करण्यात आल्या. नोव्हेंबर २०२३ पासून लागू झालेल्या या तरतुदीने आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले आहे. देशांतर्गत बाजारात विकली जाणारी मुशी या नियंत्रणाच्या कक्षेत येत नाही. तिच्या बाबतीत बंदरांवर उतरणाऱ्या माशांची लांबी, लिंग आणि गर्भावस्था यांच्या नियमित नोंदी हाच व्यवस्थापनाचा मुख्य आधार ठरतो. कोची येथे मुख्यालय असलेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशातील मासळी-उतराईच्या नोंदी ठेवण्याचे काम करते.