ॲव्हरेज विचारू नका, लिटर मोजा

नवी गाडी घेतली की आपल्याकडे पेढ्याबरोबर पहिला प्रश्न येतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ हायब्रिड गाडीच्या बाबतीत याचे उत्तर इतके गोड असते की पुढचे प्रश्न विचारायचे राहूनच जातात. मारुतीची ग्रँड विटारा आणि तिची जुळी बहीण म्हणावी अशी टोयोटाची हायरायडर, या दोन्ही २०२२ मध्ये बाजारात आल्या. त्यांच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकाराचा तेव्हाचा अधिकृत आकडा होता लिटरला २७.९७ किलोमीटर. साध्या पेट्रोल प्रकारापेक्षा किंमत मात्र दोन-तीन लाखांनी जास्त. हे जादा पैसे वसूल होतात का? होतात, पण सगळ्यांचे नाही.

आधी ही बचत येते कुठून ते पाहू. पेट्रोल इंजिन मुळातच उधळे. टाकीतल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, बाकीची बहुतेक उष्णता होऊन हवेत जाते. त्यात शहरातली रहदारी. सिग्नलला गाडी उभी आणि इंजिन चालू, म्हणजे त्या दोन मिनिटांचे ॲव्हरेज शून्य. सिग्नल सुटला की पेट्रोल जाळून वेग घ्यायचा आणि पुढच्या चौकात ब्रेक दाबून तो वेग ब्रेक तापवण्यात घालवायचा. हायब्रिड गाडी नेमकी इथे वाचवते. थांबली की इंजिन बंद. ब्रेक दाबताच मोटर उलटे काम करून जनित्र बनते आणि वाया जाणाऱ्या वेगातून बॅटरी भरते. सिग्नल सुटल्यावर पहिला रेटा देते ती हीच वीज.

‘मग चार्ज कुठे करायची?’ असे अनेक जण विचारतात. कुठेच नाही. या गाडीची बॅटरी असते ०.७६ किलोवॅट-तासांची, म्हणजे घरच्या मीटरवरचे एक युनिटसुद्धा नाही. ती साठवणीची टाकी नव्हे, खिशातली चिल्लर आहे. सतत येते, सतत जाते. गाडीला लागणारी सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. (नुसते ‘माइल्ड’ किंवा ‘स्मार्ट’ हायब्रिड असे बिरुद असेल तर मोटर इंजिनाला फक्त हात देते, एकटी गाडी ओढत नाही. शोरूममध्ये हा फरक विचारून घ्यावा.)

आता हीच गाडी द्रुतगती मार्गावर न्या. ताशी १०० च्या एकसारख्या वेगात सिग्नल नाही, ब्रेकही क्वचितच. जे वाया जात नाही ते वाचवणार काय? इंजिन जरा काटकसरी असते एवढाच फायदा उरतो, आणि हवेचा विरोध दोन्ही गाड्यांना सारखाच. म्हणजे लांब पल्ल्याला जास्त ॲव्हरेज हा साध्या गाडीचा अनुभव इथे बराचसा उलटतो.

अधिकृत आकडाही नीट वाचायला हवा. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. तिथल्या चाचणीत गाडी रस्त्यावर नाही, तर प्रयोगशाळेतल्या रोलरवर ठरावीक वीसेक मिनिटे चालते. वेग कमाल ताशी ९०, आणि एसी बंद. दोन गाड्यांची तुलना करायला ही पद्धत ठीक, पण मे महिन्यात चार माणसे बसवून तो आकडा मिळेल अशी आशा करू नये.

आता हिशेब. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही आपले घाला. वर्षाला १२,००० किलोमीटर, बहुतेक शहरात. साधी गाडी लिटरला १२ देते आणि हायब्रिड २०, तर पेट्रोल १,००० लिटरऐवजी ६०० लिटर लागेल. १०५ रुपये दराने वर्षाला ४२,००० वाचले. तीन लाख सुटायला सात वर्षे. हेच १२,००० किलोमीटर महामार्गावर असतील आणि फरक १८ विरुद्ध २१ एवढाच असेल, तर बचत साधारण १०,००० रुपयांची. वसुलीला तीस वर्षे. वर्षाकाठी जेमतेम ५,००० किलोमीटर फिरणाऱ्या निवृत्त जोडप्याला तर शहरातसुद्धा सतरा वर्षे लागतील.

यात एक चकवा आहे. १२ चे ॲव्हरेज १५ झाले की २० चे २५ झाले, जास्त पेट्रोल कुठे वाचले? बहुतेकांना दुसरे वाटते. पण दर १०० किलोमीटरला पहिल्यात १.६७ लिटर वाचते आणि दुसऱ्यात एकच लिटर. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील लॅरिक आणि सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा दृष्टिभ्रम मांडला. आम्हा डॉक्टरांना तो चांगला ओळखीचा. एखादे औषध ‘धोका निम्मा करते’ म्हणतात, पण शंभरात चाळीस आजारी पडणार होते त्यांचे वीस झाले, की दोघांचा एक झाला, हे विचारल्याशिवाय त्या ‘निम्म्या’ला अर्थ नाही. म्हणूनच युरोपात दर १०० किलोमीटरला किती लिटर, असे मोजतात. मला ती पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

देखभालीचे म्हणाल, तर ऑइल आणि सर्व्हिसिंग सुटत नाही. ब्रेक पॅड मात्र जास्त टिकतात. विमा गाडीच्या किमतीप्रमाणे थोडा महाग. वरच्या दोन्ही गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. गाडी जुनी घेत असाल तर त्यातली किती शिल्लक आहे ते आधी पाहा. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी गार ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. तिथे पिशव्या कोंबू नयेत.

शहरातल्या उदाहरणातले ४०० लिटर वाचले म्हणजे सुमारे ९२० किलो कार्बन डायऑक्साइड कमी. चौकात दिवसभर उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या छातीत जाणारा धूरही तेवढा कमी, आणि ब्रेकची धूळही. टायर आणि रस्त्याची धूळ मात्र कायम. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून थंड गाडी सुरू होताना सर्वांत घाण धूर सोडते. तो तापवायला हायब्रिडलाही इंजिन चालवावेच लागते. दीड किलोमीटरवर भाजी आणायला नेली तर हिचेही ॲव्हरेज कोसळते. तेवढे अंतर चालत जावे. मधुमेही असाल तर नक्कीच. आणखी एक, कमी वेगात ही गाडी आवाज न करता येते. कमी दिसणाऱ्या पादचाऱ्यांसाठी युरोपात २०१९ पासून अशा नव्या मॉडेलना कृत्रिम आवाज सक्तीचा आहे. सोसायटीत गाडी मागे घेताना आजी-आजोबांना तुमची चाहूल लागलेली नाही असेच धरून चाला.

गाडी ठरवण्यापूर्वी सध्याच्या गाडीवर एक महिना खर्च करा. टाकी फुल करून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. पुन्हा फुल करताना किती लिटर बसले ते लिहा. असे तीनदा. मग त्यातले किती किलोमीटर सिग्नलच्या रस्त्यावर गेले याचा अंदाज बाजूला मांडा, आणि तो कागद शोरूममध्ये सोबत न्या.