हाड जुळते दवाखान्यात, माणूस उभा राहतो घरी



दर अंकात मी आपल्याशी बेणे, लागण, खते आणि हुमणी यांविषयी बोलतो. या वेळचा विषय निराळा आहे. ट्रॉलीवर मोळी चढवताना तोल जाणे, गाडीचे चाक पायावरून जाणे, विहिरीच्या पायरीवरून घसरणे, असे हाड मोडण्याचे प्रसंग आपल्याकडे दर हंगामात घडतात. जखमी माणसाला दवाखान्यात पोहोचवायला सगळा गाव धावतो. पण तो घरी परत आला की त्याची निगा कशी राखायची, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मी स्वतः यात चुकलो, म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझे थोरले बंधू देहूरोडच्या डेपोत नोकरीला होते. निवृत्तीनंतर ते तेथेच राहिले. आई पावसाळ्यात त्यांच्याकडे गेली असता मोरीत पाय घसरून पडली. वय पंच्याहत्तरच्या पुढे. खुब्याजवळ मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले, "वॉकर धरून रोज चालवा, झोपवून ठेवू नका."

पण पाय टेकला की आई कळवळायची. आम्हा भावांना ते बघवेना. जन्मभर राबली, आता चार दिवस निवांत पडू दे, असे वाटले. "हाड जुळेपर्यंत हलवू नका," असे वहिनींना मीच सांगितले. बघायला येणारे पाहुणेही तेच म्हणत, "पडूनच ऱ्हावा, आत्याबाई." दहाव्या दिवशी चादर बदलताना वहिनींना माकडहाडावर रुपयाएवढा लालसर काळा डाग दिसला. मी म्हणालो, घामोळे असेल, पावडर लावा. तीन दिवसांत तेथली कातडी फाटली. शय्याव्रण म्हणतात तो हाच.

मलमपट्टीसाठी एक अनुभवी सिस्टर घरी येऊ लागल्या. जखम बघून त्यांनी मला विचारले, "तुम्ही काय करता?"

मी सांगितले, कारखान्यात ऊस विकास अधिकारी.

"मग शेतकऱ्यांना पाण्याची पाळी किती दिवसांनी द्यायची ते सांगत असाल?"

"सांगतो की."

"मग आईंची कूस बदलायची पाळी कुठं लिहिलीय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. सिस्टरनी समजावले ते असे. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी चेपते. तेथला रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत ती मरू लागते. वरून दिसतो तो डाग लहान असतो, आत नासाडी मोठी असते. पडून राहिल्याने छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो, पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडल्यावर माणूस दगावतो तो पुष्कळदा या मागून आलेल्या दुखण्यांनी.

त्याच दिवशी वहिनींनी कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता केला. सहा वाजता उताणी, आठला कुशीवर, दहाला खुर्चीत. रात्रीच्या पाळ्या आम्ही भावांनी वाटून घेतल्या. आईचे हाड वेळेत जुळले, पण ती जखम भरायला अडीच महिने लागले. आज आई काठी घेऊन अंगणात फिरते. ते अडीच महिने मात्र माझ्या शहाणपणापायी तिला सोसावे लागले.

ही दोन तासांची पाळी मोठ्या अनुभवातून आलेली आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पाठीचा कणा मोडलेले बहुतेक सैनिक शय्याव्रण आणि लघवीच्या संसर्गाने मरत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला आणि रात्रंदिवस दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलण्याचा दंडक घातला. माणसे जगू लागली. पुढे ती खेळूही लागली, आणि अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धांचा उगम तेथूनच झाला.

आपल्याकडचे उदाहरणही आहे. देहूरोडहून पुण्याकडे जाणारी लोकल खडकीला थांबते. त्या खडकीत कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, म्हणजे आपल्यासारख्याच ऊसपट्ट्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडले. तेच पेटकर १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकून आले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अंथरुणाला खिळलेला माणूस संपला, असे म्हणण्याआधी हे नाव आठवावे.

आता घरी काय करायचे ते थोडक्यात सांगतो. डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐकावे.

१) अंथरुणातील रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. हवेची गादी आणली तरी ही पाळी चुकवू नये. खुब्याची शस्त्रक्रिया असेल तर कोणत्या कुशीवर वळवायचे, हे सोडतानाच विचारून घ्यावे व गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. रुग्णाला ओढू नये, उचलून सरकवावे.

२) माकडहाड, टाचा, खुबे, कोपरे आणि खांदे रोज उजेडात बघावेत. लाल डागावर बोट दाबून सोडल्यावर लाली गेली नाही, तर ती धोक्याची सूचना समजावी. तेथे चोळू नये, त्या अंगावर झोपवू नये. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवावी. चादर कोरडी व बिनसुरकुतीची असावी.

३) डॉक्टरांनी परवानगी दिली की बसवावे, चालवावे. दीर्घ श्वास घ्यायला लावावे. पावले वरखाली हलवायला सांगावे. पोटरी सुजून दुखू लागली तर चोळू नये, डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी धाप लागली तर क्षणाचाही उशीर करू नये.

४) दूध, अंडी, डाळ, मटकी, हुलगा पोटात जावे. पाणी भरपूर द्यावे. विडी, सिगारेट व तंबाखू बंद करावी, विशेषतः धूम्रपानाने हाड जुळायला उशीर लागतो.

प्लास्टरबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पहिले दोन-तीन दिवस हात किंवा पाय उशांवर उंच ठेवावा आणि बोटे हलवत राहावे. बोटे पांढरी किंवा निळी पडली, गार लागली, बधिर झाली, किंवा औषध घेऊनही कळ वाढतच गेली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठावा. सकाळची वाट पाहू नये. आत दाब वाढून स्नायू काही तासांत मरतात आणि अवयव गमावण्याची पाळी येते. गावठी उपचारात कामट्या आवळून बांधतात, तेथेही हाच धोका असतो. प्लास्टरमध्ये खाज सुटली म्हणून काडी घालू नये. घाण वास किंवा ताप आल्यास ताबडतोब दाखवावे.

शेवटी एक विनंती. ही सगळी सेवा आपल्या घरांतून सून, लेक किंवा बायको करते. दिवसभर रानात राबून रात्री दर दोन तासांनी उठणे एकट्या बाईच्या आवाक्यातले नाही. रात्रीच्या पाण्याला आपण पुरुष मोटर चालू करायला उठतोच की! तसेच आपल्या माणसाची कूस बदलायलाही उठावे. तक्ता करावा, त्यात आपले नाव लिहावे आणि आपली पाळी चुकवू नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी