वारा सर्वांचा, करार कोणाचा?

वीज हा इंजिनिअरांचा विषय आहे, असे सांगून सामान्य माणसाला त्यापासून दूर ठेवले जाते. आम्हाला हे मान्य नाही. वीज कशापासून काढायची, ती कोणाच्या ताब्यात राहणार आणि तिची किंमत कोण मोजणार, हे तिन्ही प्रश्न राजकीय आहेत. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या छोट्या देशाने ते राजकीय पातळीवरच हाताळले, म्हणून त्याचा अभ्यास झाला पाहिजे.

उरुग्वेची लोकसंख्या सुमारे ३५ लाख. स्वतःचे तेल नाही, कोळसा नाही. विजेसाठी मुख्य आधार धरणांचा. पाऊस कमी झाला की परदेशी तेल जाळायचे, शेजाऱ्यांकडून वीज घ्यायची आणि तिजोरी रिकामी करायची. अणुऊर्जेची वाट १९९७ च्या कायद्याने बंद केलेली.

२००८ मध्ये सरकारने २०३० पर्यंतचे ऊर्जा धोरण ठरवले. भौतिकशास्त्रज्ञ रामोन मेंडेझ तेव्हा ऊर्जा विभागाचे प्रमुख होते. परंतु हे धोरण टिकले ते २०१० च्या करारामुळे. संसदेतील चारही पक्षांनी त्याला संमती दिली. पवनवीज खरेदीचा करार वीस वर्षांचा, सरकार मात्र पाच वर्षांचे! दर निवडणुकीनंतर धोरण उलटणार असेल तर पैसा कोण गुंतवील? २०२० मध्ये सत्तापालट झाला, तरी दिशा बदलली नाही. दहा वर्षांच्या आत जवळजवळ शून्यावरून पवनविजेचा वाटा एक तृतीयांशापर्यंत गेला. आज बहुतेक वर्षी ९० टक्क्यांहून अधिक वीज पाणी, वारा, सूर्य आणि लाकडाच्या टाकाऊ मालापासून मिळते.

दुसरी गोष्ट मालकीची. डिसेंबर १९९२ मध्ये सरकारी कंपन्यांच्या खाजगीकरणाचा कायदा सार्वमताला आला आणि सुमारे ७२ टक्के मतदारांनी त्यातील मुख्य कलमे रद्द केली. म्हणून यूटीई ही वीज कंपनी जनतेची राहिली. पवनचक्क्या बहुतांशी खाजगी कंपन्यांनी उभारल्या, पण वीजवाहिन्या आणि खरेदीचा अधिकार यूटीईकडेच राहिला. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४३ मध्येच मांडला होता, याची इथे आठवण होते.

तरीही उरुग्वेची आरती ओवाळण्याची गरज नाही. गरज नसतानाही ठरलेल्या विजेचे पैसे यूटीईला मोजावेच लागतात. वारा फुकट आहे, करार फुकट नाही. मोटारी आणि ट्रक अजून मुख्यतः आयात तेलावरच धावतात. वीज स्वच्छ झाली म्हणजे देश तेलमुक्त झाला, असे नव्हे.

आमचे म्हणणे एवढेच की, स्वच्छ विजेची योजना कुठेही आखली जावो, पवनचक्क्यांचे फोटो पाहून टाळ्या वाजवण्यापूर्वी जनतेने करार मागून घ्यावा आणि वाचावा. तोटा झाला तर तो कोणाच्या बिलात जाणार, हे कोणत्या कलमात लिहिले आहे? हा प्रश्न सहीच्या आधी विचारायचा असतो. सही झाल्यावर वीस वर्षे फक्त बिल भरायचे असते.