घरांतला समुद्र : मीठ आणि गाळणी

पाण्यांत मीठ टाकलें कीं खारें पाणी होतें, यांत शिकण्यासारखें तें काय, असें कोणालाही वाटेल. परंतु ज्यानें घरीं कांचेच्या पेटींत समुद्रांतील मासे, कोळंब्या किंवा प्रवाळें जगविण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला ही गोष्ट इतकी सोपी वाटत नाहीं. बादलींतलें पाणी दुधासारखें पांढरें होतें. तळाशीं न विरघळणारा थर बसतो. गाळणीचें कापड दोन दिवसांतच तुंबतें. पंपाचा आवाज बदलतो. आणि एके सकाळीं मासे पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागतात. अशा वेळीं हात जातो तो गाळणीकडे, कारण दोष तेथें दिसतो. पुष्कळदां मात्र त्या दोषाचा जन्म कितीतरी आधीं, मीठ कालवण्याच्या बादलींत, किंवा त्याच्याही मागें नळाच्या पाण्यांत झालेला असतो. म्हणून पाणी ज्या वाटेनें पेटीपर्यंत येतें, त्याच वाटेनें, आरंभापासून शेवटाकडे जात दोष शोधला पाहिजे.

ही हौस आजची नव्हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांस पाहण्यासाठीं जलचरांचें दालन उघडलें तें १८५३ सालीं. समुद्रापासून दूर राहणाऱ्या हौशी लोकांनीं खारें पाणी आणावें कोठून, हा प्रश्न त्याच सुमारास पुढें आला. आणि फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञानें १८५४ सालीं चार क्षार मोजून घेऊन समुद्राचें पाणी तयार करण्याची कृति सांगितली. पुढें 'चॅलेंजर' जहाजानें १८७२ ते १८७६ या काळांत महासागरांतून गोळा केलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानें तपासले, व १८८४ सालीं असें दाखविलें कीं, खारटपणा ठिकठिकाणीं कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचें एकमेकांशीं असलेलें प्रमाण जवळजवळ सर्वत्र सारखेंच असतें. कृत्रिम समुद्राची सारी उभारणी या नियमावर झालेली आहे.

एक किलो समुद्राच्या पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील सुमारें पांच-षष्ठांश भाग सोडियम व क्लोराइड यांचा, म्हणजे खाण्याच्या मिठाच्या घटकांचा असतो. उरलेल्या भागांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम हे मुख्य होत. कॅल्शियम तर किलोमागें अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. परंतु प्रवाळाचा सांगाडा बांधला जातो तो याच कॅल्शियमचा कार्बोनेटशीं संयोग होऊन. यावरून ध्यानांत येईल कीं, जो भाग अल्प आहे तो क्षुल्लक आहे असें नव्हे.

मग स्वैपाकघरांतलें मीठ वापरल्यास काय बिघडेल? याचें उत्तर कोंकणच्या मिठागरांत मिळतें. आगरी लोक समुद्राचें पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हानें आटवितात. पाणी आटूं लागतांच पहिल्यानें चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तळाशीं बसते. तिच्यामागून जिप्सम बसतें. नंतर खाण्याचें मीठ धरतें. आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यांत राहून जातात. म्हणजे मीठ हा समुद्राचा एक वेगळा काढलेला भाग आहे. तें पुन्हां पाण्यांत टाकल्यानें समुद्र परत येत नाहीं. म्हणून पेटीसाठीं सर्व क्षार योग्य प्रमाणांत मिसळलेलें मीठच घ्यावें लागतें. पण मिठागरांतली ही गोष्ट आणखी एक धडा देते. सर्व क्षारांत पाण्याची संगत सर्वांच्या आधीं सोडणारी ती चुनखडी. आगरी जें वाफ्यांत घडवून आणतो, तेंच निष्काळजी माणसाच्या बादलींत नकळत घडतें.

आतां वाटेच्या आरंभाकडे वळावें. नळाचें पाणी पिण्यास उत्तम असलें तरी त्यांत जंतुनाशक क्लोरीन असतो आणि नळापरत्वें निरनिराळे विद्राव्य पदार्थ असतात. यासाठीं तें आर. ओ. यंत्रांतून शुद्ध करून घेतात. या यंत्रांत आधीं गाळ अडविणारी नळी, मग कोळशाची नळी, मग सूक्ष्म छिद्रांचा पडदा आणि शेवटीं रेझिन अशी योजना असते. पावसाळ्याच्या आरंभीं पाण्याबरोबर माती आली कीं गाळाची नळी तपकिरी होऊन तुंबते. दाबमापकाचा कांटा खालीं येतो व शुद्ध पाणी थेंबथेंब पडूं लागतें. येथें पडदा बिघडला असें समजून महागडा पडदा बदलण्यापूर्वीं स्वस्त नळी बदलून पाहावी. उलट, कोळशाची नळी निकामी झाली तर दाब कमी होईलच असें नाहीं. क्लोरीन मात्र पुढें जाऊन पडदा हळूहळू खातो. म्हणून ही नळी दिसण्यावर न जातां ठरल्या मुदतीनें बदलावी. रेझिनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टी. डी. एस. मीटरवरील आंकडा शून्याजवळ असावा. तो चढूं लागला कीं रेझिन संपलें असें समजावें.

पाण्यानंतर मिठाची पाळी. पेटीच्या मिठांत मॅग्नेशियम व कॅल्शियम यांची क्लोराइडें असतात आणि त्यांना हवेंतील ओल शोषून घेण्याची मोठी हांव असते. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत उघड्या राहिलेल्या पिशवींतलें मीठ दगडासारखें बांधतें. अशा ढेपळ्यांत दोन दोष उत्पन्न होतात. ओलीमुळें वजन वाढलेलें असल्यानें ठरलेलें वजन घेऊनही खारटपणा कमी भरतो. शिवाय ओलसर ढेपळ्यांत कॅल्शियम आणि कार्बोनेट यांची गांठ आधींच पडून चुनखडी तयार झालेली असते, ती मागाहून कितीही ढवळलें तरी विरघळत नाहीं. यास्तव मीठ घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें. दूरच्या प्रवासांत जड व बारीक कण खालीं बसतात. म्हणून डबा एकदां आडवा करून लोळवावा व मगच मीठ काढावें.

कालवण्याचा नियम एका वाक्यांत सांगतां येतो : पाण्यांत मीठ घालावें, मिठावर पाणी ओतूं नये. मिठाच्या ढिगावर पाणी ओतलें तर तळाशीं कांहीं काळ अतिशय तीव्र द्रावण होतें, आणि तेथें कॅल्शियम व कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा साका बसतो. आंघोळीच्या तांब्याच्या बंबांत विहिरीच्या पाण्याचा जो पांढरा थर धरतो, तोही याच जातीचा होय. तेथें तो उष्णतेनें बसतो. म्हणून मीठ कालवतांना पाणी तापवूं नये. बादलींत एक लहान पंप चालूं ठेवून पाणी फिरतें ठेवावें, आणि त्यांत मीठ थोडें थोडें सोडावें. प्रथम जी धूसरता येते ती बहुधा कांहीं तासांत निवळते; तिची भीति नको. परंतु दुसऱ्या दिवशींही पाणी गढूळच असेल व बादलीच्या कडांस पांढरी खर धरली असेल, तर कॅल्शियम पाण्यांतून निघून गेलें असें समजावें. अशा बादलींत आणखी मीठ टाकल्यानें खारटपणा वाढतो, गेलेलें कॅल्शियम परत येत नाहीं. ती बादली टाकून द्यावी हेंच शहाणपण. जिवंत प्राणी असलेल्या पेटींत कोरडें मीठ कधींही टाकूं नये. त्याचा कण प्रवाळावर पडला तर तेवढा भाग जळून जातो.

मग मोजमाप. पंचवीस अंश सेल्सियसला ३५ खारटपणाच्या पाण्याचें विशिष्ट गुरुत्व सुमारें १.०२६ असतें. तरता हायड्रोमीटर वापरतांना त्यास चिकटलेला हवेचा एखादा बुडबुडा त्याला वर उचलतो व आंकडा खोटा वाढतो. तेव्हां तो हलक्या हातानें झटकून घ्यावा. रिफ्रॅक्टोमीटर असल्यास तो केवळ शुद्ध पाण्यावर जुळवून न थांबतां ३५ च्या प्रमाणित द्रावणावरही तपासावा, कारण शून्यावर खरें बोलणारें यंत्र पस्तीसवर खोटें बोलूं शकतें.

पाणी पेटींत गेलें तरी हिशेब संपत नाहीं. हवेंत उडून जातें तें पाणी; मीठ मागेंच राहतें. समजा, २०० लिटरच्या पेटींत लिटरमागें ३५ ग्रॅम प्रमाणें ७ किलो क्षार आहेत, आणि रोज ४ लिटर पाणी उडतें. घरधन्यानें ती तूट खाऱ्या पाण्यानें भरली तर रोज १४० ग्रॅम, म्हणजे दहा दिवसांत १,४०० ग्रॅम क्षार वाढतील आणि खारटपणा ३५ वरून ४२ वर जाईल. इतक्या झपाट्यानें चढलेल्या खारटपणांत प्रवाळांनीं तग धरणें कठीण. म्हणून उडालेलें पाणी भरावें तें शुद्ध व बिनमिठाचें. खारें पाणी द्यावें तें फक्त जुनें पाणी काढून नवें घालतांना.

आतां गाळणी. ती तुंबली हें ओळखणें सोपें आहे. कशानें तुंबली हें ओळखणें महत्त्वाचें. त्यासाठीं घरांतला शिरका पुरतो. गाळणीवरील थर थोडा खरवडून वाटींत घ्यावा, त्यांत पेटींतील वाळू किंवा शिंपल्याचा चुरा नाहीं हें पाहावें, आणि त्यावर शिरका घालावा. फसफसून बुडबुडे आले तर तो थर चुनखडीचा आहे. मग दोष गाळणीचा नसून बादलीचा, किंवा कॅल्शियम व क्षारता वाढविणारीं औषधें एकाच जागीं, एकाच वेळीं ओतण्याच्या घाईचा आहे. पंपाचें चाक अशा थरानें जड झालें असेल तर पंप बाहेर काढून शिरका मिसळलेल्या पाण्यांत भिजत ठेवावा व धुऊन परत बसवावा. शिरक्यानें कांहींच झालें नाहीं आणि थर बुळबुळीत, दुर्गंधी असेल, तर तो उष्ट्या खाद्याचा व विष्ठेचा आहे. तेव्हां खाद्य कमी करावें आणि कापडाची गाळणी दर तीनचार दिवसांनीं बदलावी. कारण अडकलेली घाण गाळणींत असली तरी ती पाण्यांतच कुजत असते.

येथें एक घातक चूक होते. तुंबलेली गाळणी दिसतांच कित्येक लोक सर्व स्पंज व सर्व दगड नळाखालीं घासून लख्ख करतात. पण त्या स्पंजावर व दगडांवर जे सूक्ष्म जीवाणु वसलेले असतात, ते माशांच्या शरीरांतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचें आधीं नायट्राइट व मग त्याहून पुष्कळ सौम्य असें नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीननें ते मरतात, आणि स्वच्छ दिसणारी पेटी दोन दिवसांत विषारी होते. कापड खुशाल नळाखालीं धुवावें व चांगलें वाळवावें. परंतु जीवाणूंचें घर असलेला स्पंज पेटींतून काढलेल्या पाण्यांतच हलके पिळावा, आणि एका वेळीं अर्धाच.

तुंबलेली गाळणी मिठाचाही हिशेब बिघडवूं शकते, हें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पेटीखालच्या टाकींत दोन कप्प्यांमध्यें स्पंज असतो. तो तुंबला कीं पाणी अलीकडच्या कप्प्यांत चढतें आणि पंपाच्या कप्प्यांत उतरतें. तेथें आपोआप पाणी भरणारें यंत्र बसविलेलें असेल, तर पाणी उडालें असें समजून तें गोडें पाणी ओतीत राहतें. खारटपणा उतरत जातो, मासे सुस्त होतात, आणि मालक मिठाच्या कंपनीस दोष देतो. म्हणून खारटपणा अकारण कमी दिसल्यास मीठ वाढविण्यापूर्वीं स्पंज पाहावा.

भारतांत या विषयास आणखी एक बाजू आहे. खडक बांधणाऱ्या प्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें २००१ पासून पहिल्या अनुसूचींत संरक्षण दिलेलें आहे. मालवणच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही किनाऱ्यावरून पेटीसाठीं प्रवाळ तोडून आणणें हा गुन्हा होय. पेटींत केवळ मासे व कोळंब्या असल्या तरी पाण्याचे वर सांगितलेले सर्व नियम त्यांनाही लागू पडतात.

या सर्वांस महागड्या यंत्रापेक्षां एक वही अधिक उपयोगी पडते. किती लिटर पाणी, किती वजन मीठ, दुसऱ्या दिवशींचा खारटपणा, गाळणी बदलल्याची तारीख, कोळशाची नळी बसविल्याचा महिना, एवढें तींत लिहून ठेवावें. मासे धापा टाकूं लागले तर प्रथम हवा व प्रवाह वाढवावा, अमोनिया व खारटपणा मोजावा, आणि मग वही उघडून नळापासून गाळणीपर्यंतची वाट पुन्हां एकदां चालून जावी. दोष बहुधा त्या वाटेवरच, पेटीच्या अलीकडे कोठेंतरी सांपडतो.