साताऱ्याहून परतीची वाट

निकालाच्या दिवशीं ज्या घरीं पेढे यावयाचे नसतात, त्या घराची सायंकाळ कशी जाते हें पुष्कळांस ठाऊक असेल. बाहेरच्या खोलींत दिवा लावावयाचें कोणास सुचत नाहीं. शेजारच्या मुलास किती गुण मिळाले याची चर्चा मात्र भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकूं येते. माझ्या पुतण्याचें दहावीचें गणित राहिलें, त्या दिवशीं आमच्याकडे असेंच झालें. पानें वाढलीं तरी तो जेवावयास येईना. वहिनींनीं दोनदां हाक मारली. शेवटीं मींच त्याच्या खोलीचें दार लोटलें. उपदेशाचीं चार वाक्यें ओठांवर तयार होतीं, परंतु त्याचा चेहरा पाहून तीं गिळावीं लागलीं. मग दुसरें कांहीं न सुचून मीं त्यास धोंडो केशव कर्वे यांची साताऱ्याची हकीकत सांगितली.

कर्व्यांचें नांव घेतलें म्हणजे डोळ्यांपुढें येतें तें हिंगण्याचें कार्य, १९१६ सालचें महिला विद्यापीठ, १९५८ सालचें ‘भारतरत्न’ आणि एकशें चार वर्षांचें दीर्घायुष्य. या झगमगाटांत मुरुडचा तो कोंवळ्या चेहऱ्याचा मुलगा दिसेनासा होतो. १८५८ सालीं जन्मलेल्या या मुलास ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर एका सरकारी परीक्षेस बसावयाचें होतें. मुरुड कोंकणांत, समुद्राकांठीं. परीक्षा घाटावर, साताऱ्यास. भर पावसांत डोंगरवाटा तुडवीत, सुमारें ११० मैल चालून तो तेथें पोहोंचला. तेव्हां त्यास सांगण्यांत आलें कीं, तूं वयानें लहान दिसतोस, सबब तुला बसतां येणार नाहीं! उत्तरें लिहून नापास होणें निराळें. येथें लेखणी हातीं धरण्याचीहि संधि मिळाली नाहीं. कर्व्यांनीं ही निराशा आत्मचरित्रांत नमूद करून ठेविली आहे, यावरून ती किती खोल गेली असेल याची कल्पना यावी. आणि मुरुड तर पुन्हां तितकेंच दूर.

मला या हकीकतींत महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, त्या अपयशावर त्यांच्या हातीं उपायच नव्हता. चेहरा प्रौढ दिसावा म्हणून कोणता अभ्यास करावयाचा? काळ जाऊं देणें एवढेंच शक्य होतें. कांहीं अपयशें अशीं असतात, कांहीं नसतात. आणि आम्ही वडील मंडळी दोहोंची सरमिसळ करतों. जेथें इलाज नाहीं तेथें ‘आणखी कष्ट करावयास हवे होतेस’ म्हणतों, आणि जेथें इलाज आहे तेथें नशिबाकडे बोट दाखवून मोकळे होतों. शिवाय एका विषयांत राहिलेला मुलगा आमच्या तोंडीं एका रात्रींत ‘नापास मुलगा’ होऊन बसतो, तें निराळेंच.

कर्वे मॅट्रिक झाले ते १८८१ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, बी. ए. १८८४ सालीं. एक वर्ष वायां गेलें म्हणून कपाळास हात लावणाऱ्या आईबापांनीं हे आंकडे जरूर पाहावे. याच गृहस्थांनीं पुढें फर्ग्युसन कॉलेजांत १८९१ पासून १९१४ पर्यंत गणित शिकविलें. मध्यंतरीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह केला म्हणून मुरुडकरांनीं त्यांस वाळींत टाकलें. महिला विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळाली ती तर १९५१ सालीं. तोंपर्यंतचीं पस्तीस वर्षें वर्ग भरत होते, परीक्षा होत होत्या, पदव्या दिल्या जात होत्या.

पुतण्यानें सारें मुकाट्यानें ऐकून घेतलें. विचारलें एवढेंच, “काका, ते परत कसे गेले असतील?” मला उत्तर देतां आलें नाहीं. थोड्या वेळानें तो उठून पानावर येऊन बसला.

त्याचें गणित हें इलाज असलेलें अपयश होतें. उत्तरपत्रिकेची प्रत मागविली, तेव्हां भूमिति बरी निघाली. गळती सारी बीजगणितांत. आतां पुरवणी परीक्षा निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होते. रोज पहाटें दोन तास, एवढाच नेम ठरला. घरांत मीं मात्र एक विनंती केली, ती ही कीं, येणाऱ्याजाणाऱ्यांपुढें निकालाचा विषय काढूं नये. वहिनींस तें जड गेलें, आत्याबाईंस त्याहून अधिक.

पुरवणीस तो निघाला त्या सकाळीं पाऊस कोसळत होता. वहिनींनीं हातावर दहीसाखर ठेविली. छत्री तो विसरला. ती मीं कोपऱ्यापर्यंत धांवत जाऊन दिली.