पाणी ओसरले की…

जायकवाडीच्या डाव्या कालव्याला रब्बीचे आवर्तन सुटले, की जालन्याच्या अंबड-घनसावंगी पट्ट्यात ऊस-गव्हाला पाणी भरणे सुरू होते. तिकडे पैठणला धरणाच्या जलाशयाचे, नाथसागराचे, पाणी तेवढेच मागे सरते. उघड्या पडलेल्या गाळावर काही दिवसांत हिरवी लव धरते आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस चरायला उतरतात.

जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले; जलाशयाचे ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य ठरले. इथला मुलूख सपाट. त्यामुळे पातळी हातभर उतरली तरी किनाऱ्याची रुंद पट्टी मोकळी होते. गुडघाभर पाण्यात चमचा पक्षी आपली चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो. कडेच्या चिखलात तुतवार चोच खुपसतात. त्याच्या वर, ओल्या गवतात, पट्टकदंब. धरण काठोकाठ भरले, की पाणी उदंड असते, पण चिखलात चरणाऱ्यांना पाय टेकायला जागा नसते.

इंग्लंड-नेदरलँड्सकडच्या ओल्या कुरणांत पाखरांसाठी चाऱ्यांना दारे लावून पाणी हवे तेवढे राखतात आणि मोजकी गुरे सोडून गवत आखूड ठेवतात. इथे अभयारण्याची राखण वन्यजीव विभागाकडे, पाण्याची किल्ली जलसंपदा विभागाकडे. दरवाजे हलतात ते २०८ किलोमीटरच्या डाव्या कालव्याच्या, बीडकडे जाणाऱ्या उजव्या कालव्याच्या आणि शहरांच्या गरजेने. जालना शहराची तहानही इथूनच भागते. पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने ऑक्टोबरच्या मध्याला ६५ टक्के साठ्याची रेषा आखली, ती वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी किती पाणी सोडायचे हे ठरवायला. वरचे नाशिक-नगर आणि खालचा मराठवाडा यांच्या पाण्याच्या भांडणात पाखरांची बाजू कोण मांडणार?

ओसरलेल्या जमिनीवर दुसरा हक्कदारही असतो: गाळपेर करणारा शेतकरी. फुकटची ओल आणि कसदार गाळ तो कसा सोडील? कित्येकांच्या बापजाद्यांची शेते याच पाण्याखाली गेली आहेत. पण नांगर पाण्याला भिडला, की कुरण संपते, आणि पिकावरची फवारणी थेट उथळ पाण्यात उतरते.

म्हणून इथले व्यवस्थापन कालव्याच्या वेळापत्रकापासून सुरू व्हायला हवे. आवर्तनाच्या तारखा आधीच ठरतात. कुठली कड कधी उघडी पडेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. पाण्यालगतची तेवढी पट्टी नांगरापासून राखावी, गुरे मोजकी चरू द्यावीत, बेशरमाची झुडपे आणि मासेमारीची टाकून दिलेली जाळी काढावीत. त्यासाठी कालव्याच्या वाट्याचे थेंबभरही पाणी लागत नाही. दोन विभागांनी हंगामाच्या आधी एका टेबलाशी बसणे मात्र लागते.